धिप्पाड नट म्हणजे फक्त राक्षस? हा अन्याय की रोजीरोटी?

गोरेगावकर
काल यूट्यूबवर रामसे बंधूंचा भुताचा पिक्चर 'पुराना मंदिर' (१९८४) पुन्हा बघितला. त्यातला सैतान, म्हणजे सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल! लहानपणी हा पिक्चर बघून आठवडाभर रात्री चाळीतल्या संडासला एकटा गेलो नव्हतो. काल मात्र भीती नाही, राग आला. हा माणूस रुडकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर. आपल्या इंडस्ट्रीने त्याला दिलं काय? १९९०च्या 'बंद दरवाजा'तही पुन्हा सैतानच. अंगकाठी बघितली, रोल ठरला. सरळ सरळ अन्याय आहे. बोला.

तिसरी घंटा
अजिबात पटलं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. त्या धाटणीच्या पौराणिक नाटकांत स्त्रीपार्टी असायचा तसा राक्षसाचं काम करणारा राक्षसपार्टीही असायचा. 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत, तलवार फिरवत तो यायचा आणि लोक त्या नाटकांनाच अललडुर्र म्हणायला लागले. अख्ख्या नाट्यप्रकाराला नाव पडलं ते राक्षसावरून, रामावरून नाही. आणि तुम्ही त्याला अन्याय म्हणताय?

गोरेगावकर
मग त्यातल्या एका राक्षसपार्टीचं नाव सांगा की. भाव्यांचं तर तुम्हाला सालासकट पाठ आहे.

तिसरी घंटा
...बरं, हा एक तुमचा.

अंधेरी स्लो
दारासिंग विसरलात का? १९६२च्या 'किंग काँग'चा तो हीरो होता, राक्षस नव्हे. १९७६ला 'बजरंगबली', आणि साठीला टेकल्यावर टीव्हीवरच्या 'रामायण'मध्ये पुन्हा हनुमान. देह आडवा येत नाही हो, नशीब येतं.

गोरेगावकर
नशीब कसलं? तो आखाड्यातून स्वतःचं पब्लिक घेऊन आला होता. प्रवीण कुमार घ्या. थाळीफेकीत १९६६ आणि १९७०, दोन्ही एशियाडचं सुवर्ण, शिवाय दोन ऑलिंपिक. १९८८ला 'महाभारत' सुरू झालं आणि तो घराघरात भीम झाला. पण त्याच वर्षी 'शहेनशाह'मध्ये अमिताभचा मार खायलाही तोच! हीरो किती दणकट ते दाखवायला एक पहाड लागतो, एवढाच उपयोग.

पडद्यामागची
माझे बाबा लाइटमन होते, म्हणून एक सांगते. नव्वदच्या दशकात एका भुताच्या मालिकेचं नाइट शूटिंग मढच्या बंगल्यात होतं, मला बरोबर नेलं होतं. भूत झालेला एक दांडगा फायटर. रबरी मुखवटा स्पिरिट गमने चिकटवलेला, ओठ जेमतेम अर्धा इंच उघडायचे. स्पॉटदादा कटिंग चहा बशीत ओतून गार करायचे आणि स्ट्रॉने पाजायचे, कारण वाफ लागली की ओठाजवळचा गम सुटायचा आणि मेकअपदादा शिव्या घालायचे. पहाटे मुखवटा काढला तर गाल सोललेल्या बीटासारखा. 'डरना मत बेटा' म्हणाला. मुखवट्याला मी घाबरलेच नव्हते, त्या गालाला घाबरले. एपिसोड लागला तेव्हा बाबांनी शेवटपर्यंत नावं वाचली. त्याचं नव्हतं.

अंधेरी स्लो
ताई, वाईट वाटलं वाचून. पण हे तर हॉलिवूडमध्येही चालायचं. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'च्या सुरुवातीच्या नावांत राक्षसापुढे नुसतं प्रश्नचिन्ह आहे, बोरिस कार्लॉफचं नाव थेट शेवटी येतं. आणि १९७७ला 'स्टार वॉर्स'मधल्या खलनायकाच्या, डार्थ व्हेडरच्या काळ्या पोशाखात घाम गाळला वेटलिफ्टर डेव्हिड प्राउजने, आवाज मात्र जेम्स अर्ल जोन्सचा!

गोरेगावकर
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध करताय तुम्ही.

तिसरी घंटा
थांबा, थांबा. १९९४चा 'बँडिट क्वीन' बघा. त्यात डाकू बाबू गुज्जर झालाय तो तुमचा हाच अग्रवाल. ना मुखवटा, ना पांढरे डोळे, तरी सामरीपेक्षा जास्त अंगावर येतो. दिग्दर्शक शेखर कपूरला दिसला ना तो? देह असून भागत नाही, त्याला वापरताही यावं लागतं. सामरीची नुसती चाल आठवा. जिममध्ये दंड फुगवलेला कुठलाही पोरगा तसं चालून दाखवेल?

गोरेगावकर
चाल मान्य. पण बाबू गुज्जरही खलच ना? त्याला साधा बँकेतला कॅशियर कुणी केलं का? मुलीच्या लग्नाची काळजी करणारा बाप?

अंधेरी स्लो
कॅशियर सामरी! काउंटरवर लाइन लागणार नाही कधी.

पडद्यामागची
मी तर तोच पिक्चर आधी बघेन.

तिसरी घंटा
मीही. बाकी गोरेगावकर, आता जाता का रात्री एकटे?

गोरेगावकर
आता सेल्फ-कंटेन्ड आहे हो.