मदत हवी आहे : एकाच खोलीत घडणारे चित्रपट

गेल्या आठवड्यात हिचकॉकचा ‘रोप’ (१९४८) आणि सिडनी लुमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) लागोपाठ पाहिले. ‘रोप’ जवळजवळ सलग एकाच शॉटमध्ये घेतल्यासारखा भासावा असा बेत आहे, पण त्या काळी कॅमेऱ्यात जेमतेम दहा मिनिटांचे रीळ मावत असल्याने त्यात कॅमेरा मधूनच एखाद्या पात्राच्या कोटाच्या पाठीला जाऊन भिडतो आणि तिथे जोड लपवला जातो, मला मात्र पुढे पुढे गोष्टीपेक्षा पाठीच मोजाव्याशा वाटू लागल्या. याउलट लुमेट लेन्सची फोकल लेंग्थ (दृश्य किती जवळचे आणि अरुंद दिसेल हे ठरवणारे माप) हळूहळू वाढवत भिंती जवळ आणतो आणि आपला जीव का घुसमटतो आहे, हे आपल्याला कळतही नाही. अशी न मिरवणारी कारागिरी असलेले, एकाच खोलीत घडणारे आणखी कोणते चित्रपट पाहावेत, हे जाणकारांनी कृपया सुचवावे. भाषा कोणतीही चालेल, उपशीर्षके मात्र हवीत.