मदत हवी आहे : मुलांच्या व्यसनमुक्ती केंद्रातून गेलेल्यांचा गट कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. शाळेत असताना घरच्यांनी मला मुलांसाठीच्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं. नशा सुटली, ते खरं. पण तिथली पद्धत अजून डोक्यातून जात नाही. संध्याकाळी सगळ्यांना गोल करून बसवायचे, एकाला मधे उभं करायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं. गप्प बसलं की पुढचा नंबर आपला. घरी लिहिलेली पत्रंसुद्धा आधी वाचली जायची.

पुढे वाचनात आलं की एकावर सगळ्यांनी तुटून पडायच्या या प्रकाराचं मूळ १९५८ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सिनानॉन या व्यसनमुक्ती संस्थेमध्ये आहे. तिथे याला चक्क 'गेम' म्हणायचे!

समुपदेशक नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसची (नशा सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचा गट) मीटिंग सुचवतात. तिथे बोलायची सक्ती नसते, माहीत आहे. पण गोलात मांडलेल्या खुर्च्या दिसल्या की हात गार पडतात. शिवाय मला नशेबद्दल नाही, त्या उपचारांबद्दल बोलायचंय.

अशा केंद्रांतून गेलेल्यांचा गट कुणाला माहीत आहे का? ऑनलाइन, कॅमेरा बंद ठेवता येणारा असेल तर उत्तम. आणि गट चालवणाऱ्यांना आधी काय विचारून घ्यावं? मला सुचलेलं एवढंच : मधेच उठून जाता येतं का, नुसतं ऐकत बसलं तर चालतं का, सांगितलेलं बाहेर जातं का.

'तुझ्या भल्यासाठीच केलं' छापाचे उपदेश आणि केंद्रांच्या जाहिराती कृपया नकोत. इथे उघड लिहायचं नसेल तर मेसेज केला तरी चालेल.