मदत हवी आहे: टोंगाची दाबलाट पुण्याच्या नोंदींत कशी ओळखावी?

प्रश्न
घरच्या हवामान केंद्राच्या जुन्या नोंदी आहेत: पुणे, दर ५ मिनिटांनी, समुद्रसपाटीचा दाब, ०.१ हेक्टोपास्कलपर्यंत. १५ जानेवारी २०२२ ला रात्री नऊच्या सुमारास आलेखात बारीक उंचवटा दिसतो. पण त्या वेळी दाब रोजच चढतो. ही टोंगाजवळच्या हुंगा टोंगा ज्वालामुखीच्या स्फोटाची लाट की नेहमीचीच चढण?

वातकुक्कुट
वेळ तरी जुळते. मुख्य स्फोट आपल्या सकाळी पावणेदहाचा. अंतर सुमारे १२,८०० किमी, लॅम्ब लाटेचा (स्फोटाने हवेत जमिनीलगत पसरणाऱ्या दाबलाटेचा) वेग सेकंदाला साधारण ३१५ मीटर, म्हणजे सव्वाअकरा तास.

आता चढण वेगळी काढा. हवेच्या दाबाच्या रोजच्या भरती-ओहोटीचा माथा रात्री दहाच्या आसपास येतो, पण तिचा चढ संथ असतो, दहा मिनिटांत जेमतेम ०.१. लाट तासाभरात हेक्टोपास्कलच्या घरात वरखाली करून जाते. प्रत्येक नोंदीतून तिच्या आगेमागे मिळून दोन तासांची सरासरी वजा करा. १३ आणि १४ तारखेलाही हेच करून आलेख एकाखाली एक लावा.

मात्र समुद्रसपाटीचा दाब नको, 'अ‍ॅब्सोल्यूट' घ्या, म्हणजे केंद्रावर प्रत्यक्ष मोजलेला. समुद्रसपाटीचा दाब तापमान धरून काढला असेल तर ५६० मीटर उंचीवर बाहेरचं तापमान १ अंशाने हललं की नुसत्या गणितात ०.२ चा फरक पडतो, आणि जानेवारीत रात्री नऊला पारा उतरतच असतो.

प्रश्नकर्ता
अ‍ॅब्सोल्यूट साठवलेलाच नाही, फक्त 'रिलेटिव्ह', म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला, आहे.

वातकुक्कुट
मग मॅन्युअल बघा. बऱ्याच घरगुती संचांत रिलेटिव्ह म्हणजे अ‍ॅब्सोल्यूट अधिक एक ठरावीक आकडा. तसं असेल तर काहीच बिघडत नाही, वजाबाकीत तो आकडा उडून जातो. तापमान धरून काढत असेल तर त्याच वेळच्या तापमानाच्या नोंदींवरून उलटं गणित करावं लागेल.

दाबमापी
एका केंद्रावर विसंबू नका. लाट पूर्वेकडून, किंचित दक्षिणेला झुकून आली. नागपूरला ती पुण्याच्या सुमारे २४ मिनिटं आधी दिसायला हवी, मुंबईला ६ मिनिटं नंतर. पाच मिनिटांच्या नोंदींत मुंबईचा फरक पकडणं अवघड, नागपूरचा सहज. ढगांच्या वादळाला एवढं अंतर कापायला कित्येक तास लागतात. उलट्या बाजूने फिरून आलेली लाट १६ तारखेला सकाळी पावणेदहाच्या आसपास शोधा. ती अर्थात क्षीण असेल.

पुढच्या वेळेसाठी: बीएमपी२८० (दाबाचा सेन्सर) आणि ईएसपी३२ (नोंदी घेणारा छोटा संगणक), ओव्हरसॅम्पलिंग (एका वाचनासाठी अनेकदा मोजणं) १६ पट, दर सेकंदाला वाचन, मिनिटाची सरासरी, घड्याळ एनटीपीवरून (इंटरनेटवरच्या अचूक वेळेवरून). सेन्सर बारीक भोकाच्या डबीत, वारा-उन्हापासून दूर. एसीच्या बंद खोलीत ठेवलात तर दार आपटल्याचीही नोंद होईल.