घरच्या एस्प्रेसोसाठी पाणी कोणते? नळाच्या पाण्याची कॉफी मचूळ, आरओच्या पाण्याची आंबट

वाकडकर

नमस्कार. आमच्या सोसायटीत महापालिकेचे पाणी पुरत नसल्यामुळे टाकीत बोअरचे पाणी मिसळले जाते आणि उन्हाळ्यात टँकरही मागवावे लागतात. सहा महिन्यांपूर्वी मी लहान बॉयलरचे एस्प्रेसो मशीन घेतले. चिकमगळूरची मध्यम भाजलेली बी, 18 ग्रॅम पूड आणि 28 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी, एवढे सगळे कायम ठेवून मी फक्त पाणी बदलून पाहिले. नळाच्या पाण्याची कॉफी मचूळ लागते, बियांतला फळासारखा आंबटपणा कोणी पुसून टाकावा तशी. आरओच्या पाण्याची मात्र पातळ आणि दातांना झोंबेल इतकी आंबट होते. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर नळाच्या पाण्याला 420 आणि आरओच्या पाण्याला 28 दाखवतो. नेमका किती टीडीएस असावा, आणि आरओचे पाणी मशीनला बाधते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रयोगवही

मी रसायनशास्त्र शिकवते आणि घरी रोज एस्प्रेसो करते. आपण दोन्ही पाण्यांची चव अगदी नेमकी टिपली आहे, पण टीडीएसच्या आकड्यावरून उत्तर मिळणार नाही. तो मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कॅल्शियमचे आहेत की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. सोसायटीत पाणी मृदू करण्याचे संयंत्र असेल तर त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, पण किटलीत थर धरणे थांबते.

कॉफीसाठी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. पहिली म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, ज्यांना आपण पाण्याचा जडपणा म्हणतो. हे आयन कॉफीतील स्वादद्रव्ये ओढून घ्यायला कशी मदत करतात, याची गणिते बाथ विद्यापीठातील ख्रिस्तोफर हेंडन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केली. दुसरी म्हणजे बायकार्बोनेट, आणि आपल्या तक्रारीचे मूळ मला इथेच दिसते. बायकार्बोनेट आम्लाला मारते. आपल्या नळाच्या पाण्यात ते भरपूर असणार, म्हणून बियांतले आम्ल पेल्यात पोहोचण्याआधीच निष्प्रभ होते. आरओच्या पाण्यात ते जवळजवळ नसतेच, म्हणून तेच आम्ल मोकाट सुटते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मानकात टीडीएस 150, कॅल्शियमचा जडपणा 68 आणि बायकार्बोनेटची पातळी 40 मिलिग्रॅम प्रतिलिटर सुचवली होती, आणि क्लोरीन शून्य. भारतीय मानक आयएस 10500 पिण्याच्या पाण्यात 200 पर्यंत जडपणा स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालण्याजोगा मानते. म्हणजे पिण्यास निर्धोक असलेले पाणीही मशीनला फार जड असू शकते.

मत्स्यालयाच्या दुकानात जीएच (जडपणा) आणि केएच (बायकार्बोनेटची पातळी) मोजण्याच्या थेंबांच्या बाटल्या मिळतात. पाच मिलिलिटर पाण्यात एकेक थेंब टाकत, हलवत राहायचे आणि रंग पालटेपर्यंत थेंब मोजायचे. प्रत्येक थेंब म्हणजे सुमारे 18 मिलिग्रॅम प्रतिलिटर. हे आकडे इथे द्यावेत.

बॉयलर-नाशिक

मी कॉफी मशीनची दुरुस्ती करतो, म्हणून मशीनच्या बाजूने लिहितो. जड पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा थर बसतो. वाफेच्या बॉयलरमध्ये हे अधिक झपाट्याने होते, कारण वाफ शुद्ध पाण्याची निघून जाते आणि क्षार मागेच साचत राहतात. बोअरच्या पाण्यावर वर्षभर चाललेले एक मशीन नुकतेच उघडले. हीटरच्या कांडीवर अंड्याच्या टरफलाएवढा जाड थर होता, आणि तिथून सुटलेला ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान खवला सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे विजेवर उघडझाप होणाऱ्या झडपेच्या भोकात जाऊन अडकला होता. तेवढ्याने पाणी बंद झाले होते आणि मालकाला पंप जळाला असे वाटत होते.

निव्वळ आरओचे पाणीही मी सुचवत नाही. ज्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी धातूची कांडी असते, ती पाण्यातून वीज वाहते म्हणूनच काम करते. क्षार फार कमी असले तर कांडीला पाणी जाणवत नाही आणि बॉयलर गरजेपेक्षा जास्त भरत जातो. शिवाय असे पाणी तांब्या-पितळेला हळूहळू खाते. किनारपट्टीच्या विहिरींच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर स्टेनलेस स्टीलच्या बॉयलरलाही बारीक खड्डे पडतात, आणि थर काढून ते खड्डे भरून येत नाहीत.

ठाणे-पश्चिम

ज्यांच्याकडे फक्त धरणाचे पाणी येते त्यांच्यासाठी एक नोंद. सह्याद्रीतल्या धरणांचे पाणी बहुधा मृदूच असते. माझ्याकडे थेंबांनी जडपणा दोन-तीनच्या पुढे जात नाही, त्यामुळे क्लोरीन काढण्यासाठी कार्बनचा फिल्टर एवढाच खर्च मी केला आहे.

वाकडकर

आज थेंब मोजले. नळाच्या पाण्याचा जीएच 15 आणि केएच 12 आला. शेवटच्या थेंबाला निळे पाणी एकदम पिवळे झाले तेव्हा खात्री पटली. आरओच्या पाण्यात दोन्ही चाचण्यांत पहिल्याच थेंबाला रंग बदलला. आता दोन्ही पाणी मिसळावे का?

प्रयोगवही

म्हणजे नळाच्या पाण्याचा जडपणा सुमारे 270 आणि बायकार्बोनेट 215. एक भाग नळाचे आणि चार भाग आरओचे पाणी घेतले तर हे आकडे साधारण 55 आणि 45 वर येतात, आणि चवीला हे उत्तम आहे. अडचण अशी की आपले नळाचे पाणी स्थिर नाही. टँकर कोणत्या विहिरीवर भरला यावर प्रमाण बदलणार, आणि दर आठवड्याला थेंब मोजण्याचा उत्साह टिकत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. आरओमधला, शुद्ध पाण्यात थोडे नळाचे पाणी सोडणारा टीडीएसचा स्क्रू फिरवणे हेही असेच मिश्रण आहे, फक्त त्यात प्रमाण आपल्याला दिसत नाही.

म्हणून मी आरओच्या पाण्यात मोजून बायकार्बोनेट घालते. एक लिटर आरओच्या पाण्यात 10 ग्रॅम खाद्य दर्जाचे पोटॅशियम बायकार्बोनेट विरघळवून बाटली भरून ठेवावी आणि मशीनसाठीच्या प्रत्येक लिटर पाण्यात त्यातले 10 मिलिलिटर घालावे. बायकार्बोनेटची पातळी सुमारे 50 ने वाढते. ते मिळाले नाही तर 8.4 ग्रॅम खाण्याचा सोडा घ्यावा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल असते. धुण्याचा सोडा तर मुळीच नको. या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसल्यामुळे थर धरण्याचा प्रश्नच राहत नाही, आणि माझ्या जिभेला तरी एस्प्रेसोत मॅग्नेशियमची उणीव जाणवलेली नाही.

बॉयलर-नाशिक

दुरुस्तीच्या अनुभवावरून मलाही हाच मार्ग पटतो. बायकार्बोनेटमुळे कांडीला पाणी जाणवते आणि पितळही वाचते.

वाकडकर

खाण्याच्या सोड्याने आज करून पाहिली. तीच बी, तेवढीच पूड, आणि पहिल्यांदाच पिकलेल्या संत्र्यासारखी चव लागली. आंबटपणा आहे, पण झोंबत नाही. सहा महिने नळाचेच पाणी जास्त वापरले आहे, तर आत बसलेल्या थराचे काय करावे?

बॉयलर-नाशिक

मशीनच्या पुस्तिकेत थर काढण्याची परवानगी आहे का, ते आधी पाहावे, आणि बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर उत्पादकाने सांगितलेलेच द्रावण वापरावे. तांबे-पितळ किंवा स्टेनलेस स्टील असेल तर लिंबूसत्त्वाचे सौम्य द्रावण आत घेऊन वीस मिनिटे थांबावे आणि मग दोन टाक्या साधे पाणी वाहू द्यावे. पहिल्या पेलाभर पाण्यात पांढरे कण दिसले तर ग्रुपची, म्हणजे कॉफीवर पाणी सोडणाऱ्या तोंडाची जाळी काढूनच पुढचे पाणी सोडावे, म्हणजे खवले तिच्यात अडकणार नाहीत.