पेटी अचानक दुप्पट रुंद केली, तर दुसऱ्या स्तराची संभाव्यता निम्मीच का येते?

पेटीतला_कण

नमस्कार. मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून पुंजयामिकीतील (क्वांटम मेकॅनिक्समधील) एका नेहमीच्या उदाहरणाशी अडलो आहे. अनंत उंचीच्या भिंती असलेल्या, एल रुंदीच्या एकमितीय पेटीत एक कण न्यूनतम ऊर्जेच्या अवस्थेत आहे; या ऊर्जेला ई म्हणू. उजवी भिंत एकाएकी सरकवून पेटीची रुंदी २एल केली जाते. लगेच ऊर्जा मोजली, तर कोणते मूल्य किती संभाव्यतेने मिळेल, असा प्रश्न आहे.

नव्या पेटीत एन-व्या स्तराची ऊर्जा एन² × ई/४ इतकी येते, म्हणजे दुसऱ्या स्तराची ऊर्जा नेमकी ई आहे. भिंत अचानक सरकल्यामुळे तरंगफलनाला (कणाची अवस्था सांगणाऱ्या फलनाला) बदलायला अवधी मिळालेला नाही आणि भिंतीने कणावर कार्यही केलेले नाही. मग ऊर्जेच्या अक्षय्यतेनुसार कण खात्रीने दुसऱ्या स्तरातच सापडायला हवा. जुन्या आणि नव्या अवस्थांच्या गुणाकाराचे इंटिग्रल सोडवल्यावर मात्र दुसऱ्या स्तरासाठी १/२, पहिल्यासाठी ३२/(९ × पाय²) म्हणजे सुमारे ०.३६, आणि तिसऱ्यासाठी सुमारे ०.१३ असे उत्तर येते, आणि पुस्तकातील उत्तरही तेच आहे.

मला याहून अधिक खटकते ते असे की, डाव्या अर्ध्या भागात तरंगफलन जुनेच आहे, त्यामुळे तेथे हॅमिल्टोनियन (ऊर्जा दर्शवणारा कारक) लावला की ई गुणिले तेच फलन मिळते. उजव्या अर्ध्या भागात फलन शून्य आहे, तेथे शून्य बरोबर शून्य. दोन्हीकडे आयगेन-समीकरण पाळले जात असताना ही अवस्था नव्या पेटीची आयगेनस्टेट (निश्चित ऊर्जेची अवस्था) का मानली जात नाही?

रात्रपाळी

मोजमाप केले की अवस्था कोसळते आणि पुंजयामिकीत ऊर्जा सरासरीनेच अक्षय राहते. परीक्षेत इंटिग्रलला गुण आहेत, तत्त्वचिंतनाला नाहीत. तेव्हा पुढच्या उदाहरणाकडे वळा.

जुना_फळा

वरील उत्तराशी मी सहमत नाही. येथे मोजमापाला मध्ये आणण्याची गरजच नाही, कारण १/२ हा आकडा मोजण्यापूर्वीच अवस्थेत दडलेला आहे. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर एका बिंदूवर आहे, आणि तो बिंदू म्हणजे जुन्या भिंतीची जागा, एक्स = एल.

आपण डावा भाग तपासला, उजवा भाग तपासला, पण दोहोंचा सांधा तपासला नाही. डावीकडून येणारी साइन लहर एक्स = एल येथे शून्यावर पोचते खरी, पण तिचा उतार तेथे शून्य नसतो; उजवीकडे मात्र फलन सपाट आहे. म्हणजे फलन सलग असले, तरी त्याचा पहिला विकलज (डेरिव्हेटिव्ह) एका बिंदूवर उडी मारतो, आणि दुसऱ्या विकलजात त्या जागी डिरॅकचे डेल्टा फलन (एकाच बिंदूवरचा अनंत उंच काटा) उभे राहते. जुन्या पेटीत असा कोपरा चालत होता, कारण तेथे अनंत उंचीची भिंत होती. नव्या पेटीत त्या जागी विभव (स्थितिज ऊर्जा) शून्य आहे, आणि सांत (अनंत नसलेल्या) विभवाच्या बिंदूवर आयगेनस्टेटचा उतार सलग असावाच लागतो. एका बिंदूवर मोडलेले समीकरण हे मोडलेलेच समीकरण होय.

१/२ येण्याचे कारण इंटिग्रल न सोडवताही दिसते. नव्या पेटीची दुसरी अवस्था ही पूर्ण साइन लहर आहे: डावीकडे धन फुगवटा, उजवीकडे तितकाच ऋण. आपल्या कणापाशी फक्त डावा फुगवटा आहे. तो मिळवायचा असेल, तर पूर्ण साइन लहर आणि तिचे निरपेक्ष मूल्य (दोन्हीकडे धन फुगवटे) यांची बेरीज करून निम्मी करावी. डावीकडे साइन उरते, उजवीकडे सारे खोडले जाते. यातील पहिला घटक म्हणजे शुद्ध दुसरा स्तर. दुसरा घटक पेटीच्या मध्याभोवती सममित असल्याने तो केवळ विषम क्रमांकाच्या स्तरांपासून बनतो. दोन्ही घटकांचे वजन सारखे आहे, म्हणून १/२ दुसऱ्या स्तराला आणि उरलेले १/२ सर्व विषम स्तरांत वाटलेले. चौथा, सहावा वगैरे सम स्तर येतच नाहीत, तेही यामुळेच.

आता ऊर्जेचा हिशेब. विषम एन-साठी संभाव्यता ३२/(पाय² × (एन² − ४)²) आहे. प्रत्येक संभाव्यतेला त्या स्तराच्या ऊर्जेने गुणून बेरीज केली, तर पहिले तीन स्तर मिळून सुमारे ०.८८ ई होतात, नवव्या स्तरापर्यंत जाऊन ०.९६ ई, आणि पूर्ण श्रेढी नेमकी ई देते. बेरीज इतक्या संथपणे भरते, याचे कारण तो कोपराच आहे: टोकदार आकार घडवायला वरचे असंख्य स्तर लागतात. ऊर्जेच्या वर्गाची सरासरी काढू गेलात, तर श्रेढी अभिसारी राहतच नाही, म्हणजे या अवस्थेत ऊर्जेचे विचरण (सरासरीभोवतीचा पसारा) अनंत आहे. आपल्या पद्धतीने, दोन भाग वेगवेगळे पाहिले असते, तर तेच विचरण शून्य आले असते! डेल्टा फलनाच्या जागी तरंगफलन शून्य असल्याने सरासरी ऊर्जेत त्याचा वाटा पडत नाही, पण वर्गाच्या सरासरीत तो लपून राहू शकत नाही. अर्थात, खऱ्या जगात भिंतीची उंची आणि तिचा वेग दोन्ही सांत असल्यामुळे हे विचरण मोठे, पण सांत राहील.

पेटीतला_कण

आभारी आहे, सर. साइन आणि तिच्या निरपेक्ष मूल्याची बेरीज पाहून विषम स्तरांचा उलगडा झाला. दोन शंका उरतात. एका मोजणीत ई/४ मिळाले, तर उरलेली ऊर्जा कोठे गेली? आणि भिंत किती वेगाने सरकली, तर तिला ‘अचानक’ म्हणावे?

जुना_फळा

पहिल्या शंकेत असे गृहीत धरले आहे की, भिंत सरकल्यानंतरही कणापाशी ई इतकी निश्चित ऊर्जा होती. ती निश्चित होती जुन्या हॅमिल्टोनियनच्या हिशेबाने. नव्या हॅमिल्टोनियनमध्ये कणापाशी ऊर्जेचे वितरण आहे. भिंत पुन्हा हलवली नाही, तर ते काळानुसार बदलत नाही, आणि त्याची सरासरी ई आहे. एकेका मोजणीच्या वेळी उपकरणही कणाशी आंतरक्रिया करत असते, त्यामुळे त्याला वगळून कणापुरता जमाखर्च मांडता येत नाही.

दुसऱ्या शंकेसाठी आकडे घेऊ. १ नॅनोमीटरच्या पेटीतील इलेक्ट्रॉनसाठी ई सुमारे ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. एच-बारला (प्लँकचा स्थिरांक भागिले २ × पाय) ई-ने भागले की सुमारे १.७५ फेम्टोसेकंद मिळतात. भिंत याहून पुष्कळ कमी वेळात सरकली, तर ‘अचानक’. याउलट ती अगदी सावकाश सरकवली, तर कण सतत न्यूनतम स्तरातच राहतो आणि शेवटी त्याची ऊर्जा ई/४ उरते. बाकीची तीन चतुर्थांश ऊर्जा भिंतीवर कार्य करण्यात खर्ची पडते.

एक गंमतही करून पाहावी. प्रत्येक स्तराचा कालघटक लिहून टी = ४ × पाय × एच-बार/ई हा काळ घाला. विषम स्तरांचे चिन्ह बदलते, दुसऱ्याचे बदलत नाही, आणि संपूर्ण तरंगफलन उजव्या अर्ध्या भागात गेलेले दिसते, डावीकडे काहीही न उरता. वरच्या इलेक्ट्रॉनसाठी हा काळ सुमारे २२ फेम्टोसेकंद आहे. तेवढाच काळ आणखी गेला की तो पुन्हा डावीकडे.

ट्रिटियम_१२

हे केवळ पुस्तकी उदाहरण वाटू नये म्हणून भर घालतो. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक; त्याच्या बीटा-ऱ्हासात (केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा) केंद्रकाचा प्रभार एकाएकी १ चा २ होतो आणि हेलियम-३ तयार होते. बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा १८.६ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत असू शकते, त्यामुळे बहुतेक वेळा तो इतक्या वेगाने निघून जातो की अणूतल्या मूळ इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने हा बदल अचानकच ठरतो. हा मूळ इलेक्ट्रॉन हेलियम आयनाच्या न्यूनतम अवस्थेत सापडण्याची संभाव्यता ५१२/७२९, म्हणजे सुमारे ०.७०. या आयनाच्या २एस (दुसऱ्या स्तरातील) अवस्थेची ऊर्जा −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अगदी ट्रिटियमच्या मूळ अवस्थेइतकी. तरीही तिची संभाव्यता फक्त १/४ आहे. ऊर्जेचा आकडा जुळला म्हणून अवस्था जुळत नाही, हे येथेही दिसते. मात्र या उदाहरणात विभव इलेक्ट्रॉन असलेल्या जागीच बदलत असल्याने सरासरी ऊर्जा कायम राहत नाही: ती −१३.६ वरून −४०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते.

न्यूट्रिनोचे वस्तुमान शोधणाऱ्या, जर्मनीतील कार्ल्सरूहच्या कॅट्रिन प्रयोगात ट्रिटियम रेणूच्या रूपात असते, म्हणून तेथील गणित बरेच किचकट होते. पण ऱ्हासानंतर उरलेला रेणू कोणत्या अवस्थेत किती संभाव्यतेने सापडेल, हे त्यांनाही बीटा-वर्णपटाच्या विश्लेषणात धरावेच लागते.