पाच तारांचा बेस गिटार घेतलाय, बीची तार सुरात बसत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं चार तारांचा बेस वाजवतोय, दहा दिवसांपूर्वी पहिल्यांदाच पाच तारांचा घेतला. 34 इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), तारा जाड ते बारीक बी-ई-ए-डी-जी, जाडी 45 ते 130 गेज (इंचाचे हजारांश). घ्यायचं कारण एकच, आमच्या गायिकेची बरीच गाणी डी आणि ई फ्लॅटमध्ये आहेत आणि तिथे खालचा षड्ज मला मिळायचाच नाही, दर वेळी वरच्या सप्तकात जावं लागायचं आणि गाण्याखालची जमीनच निघून गेल्यासारखं व्हायचं. आता बीच्या तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तो डी आहे, पहिल्यांदा ॲम्पमधून ऐकला तेव्हा अंगावर काटा आला. त्यामुळे परत करायचा विचार नाही, फक्त नीट बसवायचाय.

बाकी चार तारा खणखणीत आहेत, बी मात्र बद्द वाजते, आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे तर सूर लहरतो, एकाच स्वरात दोन स्वर एकमेकांना घासतायत असं ऐकू येतं.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. आधी मान बघितली. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून धरला की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी 0.3 मिमीच्या आसपास फट हवी, जाड व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, माझ्याकडे दुप्पट होती. ट्रस रॉड (मानेचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) पाव आटा आवळला, रात्रभर तसाच ठेवला, सकाळी परत सुरात लावून मोजलं तर फट बरोबर. मग बाराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) मोजली, जीच्या तारेची 2 मिमी, बीची 3.5 मिमी. मग इंटोनेशन (मानेवर सगळीकडे सूर बरोबर येण्याची जुळवणी). चार तारा अर्ध्या तासात जुळल्या पण बीचा बारावा फ्रेट दाबला की तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वरापेक्षा) 12 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा येतो, आणि सॅडल (ब्रिजवरचा तारेचा सरकता आधार) मागे घ्यायला जागाच उरली नाही, स्प्रिंग पूर्ण दबलीय. (मोकळी बी 31 हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे क्लिपवाला ट्यूनर नुसता नाचतो, म्हणून बाराव्या फ्रेटच्या हार्मोनिकवरच लावतो.)

दुसरं म्हणजे हात. आठ वर्षं सगळ्यात वरची तार म्हणजे ई हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की न बघता ई वाजवायला गेलो की बी वाजते. शिवाय तारांमधलं अंतर 19 वरून 17 मिमी झालंय. आणि जीच्या तारेवर काही वाजवत असलो की बी आपोआप घुमत राहते, ती कशी दाबायची?

तार बदलू का? की आधी अजून काही बघू? कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

तार लगेच बदलू नका. तुम्ही इंटोनेशन आधी केलंत आणि ॲक्शन तशीच उंच ठेवलीत, तिथे घोळ आहे. 3.5 मिमी उंचीवरून जाड तार फ्रेटपर्यंत दाबायची म्हणजे ती ताणली जाते आणि सूर चढतो. बी 2.5 ते 2.75 मिमीवर आणा, मग बघा.

त्याच्याही आधी सॅडलकडे बाजूने, डोळा तारेच्या पातळीला आणून बघा. 130 ची तार कडक असते, सॅडलवरून निघाल्यावर सरळ न जाता आधी कमानीसारखी वर उचलली जाते. सॅडलच्या अगदी पुढे अंगठ्याने तार ठामपणे खाली दाबा, नटपाशीही (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) तसंच करा, परत सुरात लावा. नटच्या खाचेत तार तळाला टेकलीय का तेही बघा, खाच अरुंद असेल तर ती काठांवरच अडकून बसते. तसं असलं तर खाच स्वतः घासू नका, जास्त घासली गेली तर नवा नट लागतो.

आणि तो लहरणारा सूर पिकअपमुळे (तारांचा आवाज टिपणारा, त्यांच्याखालचा चुंबकी भाग) असणार. लोहचुंबक जवळ असला की जाड तारेला खेचतो आणि तिचा झोका बिघडतो. बीच्या बाजूचा स्क्रू दोन आटे खाली न्या.

प्रतिसाद २

हाताबद्दल. उजवा अंगठा पिकअपवर टेकवून ठेवायची सवय सोडा. ई वाजवताना अंगठा बीवर ठेवा, ए किंवा त्याखालच्या तारांवर गेलात की अंगठा बीवर आडवा आणि त्याचं टोक ईला टेकलेलं. आपोआप दोन्ही गप्प होतात. आणि महिनाभर मोकळी ई वाजवूच नका, तोच ई बीच्या पाचव्या फ्रेटवर वाजवा. जुन्या बेसला या काळात हात लावू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सॅडलपाशी तार खरंच कमानीत होती, दाबल्यावर हाताला जाणवण्याइतकी बसली. ॲक्शन 2.7 केली, पिकअप दोन आटे खाली नेला. 12 सेंटचे 3 झाले, लहर गेली, आणि बद्दपणाही बराच कमी झालाय. नटमध्ये मात्र तार काठावरच अडकलेली दिसतेय, ते काम कारागिराकडून करून घेतो. अंगठ्याचं काल तासभर केलं, ए पर्यंत जमतंय पण परत ईवर येताना अंगठा ईवरच अडकून राहतो. यासाठी एखादा ठरावीक पलटा आहे का, अगदी संथ लयीतला चालेल?