आजी रोज "देवा ने आता" म्हणते ते चालतं, काकाने लिव्हिंग विल म्हटलं की पाप?

परळचा_पंक्या:
गणपतीत सगळे घरी जमलेले तेव्हा विषय निघाला आणि मोदक राहिले बाजूला. आमची आजी रोज देवापुढे मोठ्यांदा म्हणते ने रे बाबा आता, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण काका (वय ७१, ठणठणीत, रोज शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो) म्हणाला मी लिव्हिंग विल करतोय, उद्या बेशुद्ध पडलो आणि डॉक्टरांनी आशा सोडली तर मला व्हेंटिलेटरवर ठेवायचं नाही, तर आत्या रडायलाच लागली, ही आत्महत्याच झाली म्हणे, लोक काय म्हणतील. मला पटलं नाही पण उत्तरही देता आलं नाही. जीव माझा ना, मग समाजाला एवढा त्रास का? धर्म, कायदा की नुसती भीती?

वकील_घाटकोपर:
आत्याला आधी सांगा, उपचार नको म्हणणं म्हणजे आत्महत्या नव्हे. सुप्रीम कोर्टाने ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज केसमध्ये सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग मानलाय. इंजेक्शन देऊन मारणं मात्र आजही गुन्हाच.

बाकी आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ३०९ कलम इंग्रजांचं, १८६० च्या पीनल कोडातलं. त्यांच्याकडे जीव देवाचा आणि राजाचा, त्यामुळे आत्महत्या करणाऱ्याची मालमत्तासुद्धा जप्त व्हायची. त्यांनी स्वतःकडचा गुन्हा १९६१ ला काढून टाकला, आपण धरून बसलो. १९८६ ला आपल्या मुंबई हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, केस एका पोलीस शिपायाची, अपघातानंतर मानसिक आजार झालेला. १९९४ ला सुप्रीम कोर्टही तेच म्हणालं आणि १९९६ ला ज्ञान कौर केसमध्ये पाच जजनी उलटं केलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारा तीव्र तणावात होता असंच धरायचं ठरलं, आणि जुलै २०२४ ला पीनल कोडाच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ३०९ नाहीच. सरकारी माणसाला अडवायला किंवा दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला.

माऊली_डोंबिवली:
धर्माचं एवढं सरळ नाही हो. ज्ञानेश्वर माऊलींनी १२९६ ला आळंदीत समाधी घेतली, विनोबांनी १९८२ ला पवनारला अन्न-औषध सोडलं, सावरकरांनी १९६६ ला दादरला प्रायोपवेशन केलं, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण पत्करलं, या सगळ्यांपुढे आपण हात जोडतो. जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे उपास करत मरण स्वीकारायच्या व्रताला, राजस्थान हायकोर्टाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं तर त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. म्हणजे स्वतःहून मरणाकडे जाणं सरसकट पाप असं आपल्या लोकांनी कधी मानलेलंच नाही. मला वाटतं आपण बघतो ते एवढंच की माणसाचं काम झालं होतं का आणि मागे कोण उरलं. विदर्भातला शेतकरी जातो तेव्हा मागे बायको, पोरं, कर्ज सगळं तसंच, तिथे हात कोण जोडणार. पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्याकडे काय म्हणतात, काहीतरी राहिलंय त्याचं. आक्षेप तिथे आहे. तुमच्या आजीचं राहिलेलं काही नाही म्हणून तिला कुणी बोलत नाही.

सिस्टर_ताई:
आयसीयूत बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहिते. माझ्या मते मूळ भीतीच आहे आणि ती उगाच नाही. कॉरिडॉरमध्ये मुलगा विचारतो सिस्टर बाबांचं अजून किती दिवस, आता त्यात माया आहे की बिलाची धास्ती की चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय आणि खोली बाबांच्या नावावर आहे हे त्याचं त्यालाही कळत नसतं कधीकधी. अशा शहरात मरायचा हक्क एकदम मोकळा केला तर पहिल्या फटक्यात म्हाताऱ्या बायका म्हणतील मला सोडवा, कारण आपली अडचण होतेय हे त्यांना न बोलता कळतं, मग तो हक्क कसला.

पण अरुणा शानबाग आठवा. केईएम हॉस्पिटलमधल्या नर्स, २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथेच हल्ला झाला, मेंदूला इजा होऊन भान गेलं ते गेलंच, आणि १८ मे २०१५ ला गेल्या. मधली सगळी वर्षं तिथल्या नर्सेसनी केलं त्यांचं. त्यांना भरवणं थांबवून मरू द्यावं म्हणून लेखिका पिंकी विराणी कोर्टात गेल्या, नर्सेसनी विरोध केला, ७ मार्च २०११ ला कोर्टाने अर्ज फेटाळला पण त्याच निकालात लाइफ सपोर्ट काढायची वाट काही अटींवर मोकळी केली. बाहेरचे म्हणायचे सोडवा, भरवणाऱ्या म्हणायच्या आमची आहे ती. दोघांचं खरं, पण अरुणाताईंना काय हवं होतं ते विचारायची सोयच नव्हती. तुमचा काका शुद्धीत असताना सांगतोय, भाग्यवान समजा.

मुलुंड_लोकल:
सगळे आजारपणावरच घसरलात. पंक्याचा प्रश्न जीव माझा तर अडवता का. मी म्हणतो अडवावं, कारण धडधाकट माणसाच्या मनात मरायचं येतं ते बऱ्याचदा येऊन जातं, अडवल्यावर पुढे वर्षानुवर्षं नीट जगणारे आहेत. पण आपण अडवतो कसं, लाज लावून! शेजाऱ्यांना हार्ट अटॅक सांगायचं, बहिणीचं लग्न जमणार नाही म्हणून डॉक्टरकडे न्यायचं नाही. मग तो माणूस बोलणार कुणाशी? ही नैतिकता नाही, झाकपाक आहे.
आणि पंक्या, स्पष्टच विचारतो, तुझं स्वतःचं बरं चाललंय ना? नसेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव, मराठीत बोलतात, पैसे नाही लागत. किंवा इथेच मेसेज कर.

परळचा_पंक्या:
मी ओके आहे रे, खरंच काकासाठीच विचारतोय. विचारलंस ते बरं वाटलं. पण माऊली, काम झालं की नाही हे ठरवणार कोण? आजीचं झालं आणि काकाचं नाही हे आत्या ठरवणार?

माऊली_डोंबिवली:
आत्या नाही, पण काका एकटाही नाही. आत्याला आधी न सांगता जेवताना जाहीर केलंन ना, रडणारच ती.

वकील_घाटकोपर:
लिव्हिंग विल करायचं काम तसं सोपं झालंय. जानेवारी २०२३ पासून मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर पुरे. कॉपी ठेवायला महापालिकेने वॉर्डात अधिकारी नेमलेत. वेळ आली तर डॉक्टरांचे दोन बोर्ड बघतात, आत्याला वाटतंय तसं कुणी येऊन प्लग काढत नाही. आणि आपल्या वतीने कोण बोलणार ते त्यात लिहावं लागतं, एकापेक्षा जास्त नावं चालतात. काकाला म्हणावं आत्याचं नाव घाल, पण आधी तिला विचारून.